कलावंताला दारातच दाखला कशाला मागता?

समजा, जुलै १९०४ मध्ये पॅरिसला पोचलेल्या शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुसीला आजच्या नियमांनी तपासलं असतं. वय २८. जन्म रुमानियातल्या होबित्सा नावाच्या खेड्यातला. शिक्षण आधी क्रायोवाच्या कला-कारागिरी शाळेत, मग बुखारेस्टच्या ललित कला शाळेत. खिसा रिकामा, म्युनिकहून निघाल्यावर बरीच वाट पायीच तुडवलेली. परदेशात एकही प्रदर्शन झालेलं नाही, कोणा समीक्षकाने दोन ओळी लिहिलेल्या नाहीत, कोणी नोकरीचं पत्र दिलेलं नाही.

हा माणूस आज अमेरिकेच्या ‘ओ-१’ व्हिसासाठी उभा राहिला तर परत पाठवला जाईल. तो व्हिसा आपल्या क्षेत्रात आधीच नाव कमावलेल्यांसाठी आहे. पुरस्कार, छापून आलेली समीक्षा, मोठ्या संस्थांमधली कामं असं सगळं जोडून द्यावं लागतं. ब्रिटनच्या ‘ग्लोबल टॅलेंट’ व्हिसाचंही तसंच. फ्रान्समध्ये कलावंतांसाठी दीर्घ मुदतीचा वेगळा परवाना आहे, पण तिथे उत्पन्नाचे कागद लागतात. रुमानिया आज युरोपीय संघात आहे, त्यामुळे खुद्द ब्रांकुसी पॅरिसला सहज पोचेल, हे खरं. पण तशाच एखाद्या खेड्यातून, संघाच्या बाहेरच्या देशातून, छिन्नी-हातोडा घेऊन निघालेल्या पोराचं काय? त्याच्यासाठी दार बंद आहे, आणि ते बंद करताना सांगितलं जातं की आम्हाला प्रतिभावंत हवेच आहेत, फक्त त्यांनी प्रतिभेचा पुरावा आणावा.

माझा विरोध या पुराव्याला आहे. स्थलांतरित शिल्पकाराचा पुरावा त्याच्या येण्याआधी तयार नसतो. तो तयार होतो आल्यानंतर, दहा-पंधरा वर्षांनी, आणि त्याला लागतात तीन अगदी साध्या गोष्टी: परवडणारी जागा, पोटापुरतं कसलंही काम, आणि कोणी हाकलून देणार नाही याची खात्री. ब्रांकुसीचं सगळं आयुष्य याची साक्ष आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावाने सोहळे करणाऱ्या देशांनी ते नीट वाचायला हवं.

पॅरिसमध्ये त्याने उपाहारगृहात भांडी विसळली. तिथल्या रुमानियन चर्चमध्ये प्रार्थना गायला तो उभा राहायचा. या कामांच्या जोरावर त्याने कला शाळेत प्रवेश घेतला. १९०७ मध्ये विख्यात फ्रेंच शिल्पकार रोदँच्या कार्यशाळेत त्याला मदतनीस म्हणून घेतलं गेलं. त्या काळात कुठल्याही तरुण शिल्पकाराने स्वप्नात पाहावी अशी ही जागा. तो महिना-दोन महिन्यांत बाहेर पडला, कारण मोठ्या झाडाखाली दुसरं काही वाढत नाही, असं त्याचं म्हणणं. आजच्या नियमांत बसवून पाहा: ज्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या पत्रावर अवलंबून आहे, तो रोदँला सोडू शकेल का? नोकरी सुटली की परवाना गेला. ब्रांकुसी बाहेर पडू शकला, कारण त्याचं पॅरिसमध्ये असणं रोदँच्या मर्जीवर टांगलेलं नव्हतं. त्याच वर्षी रुमानियातल्या बुझाव गावातून एका कबरीवरच्या स्मारकाचं काम त्याला मिळालं आणि त्या पैशांनी थोडा दम खाता आला. त्यातून ‘प्रार्थना’ हे गुडघे टेकलेल्या बाईचं शिल्प झालं. आणि त्याच सुमारास रोदँच्या वाटेपासून पार दूर जाणारं ‘चुंबन’: एकच दगड, त्यात दोन माणसं, ठोकळ्याचा चौकोनीपणा जराही न लपवता कोरलेली.

शिल्पकाराचं स्थलांतर कवी किंवा चित्रकाराच्या स्थलांतरासारखं नसतं, हे धोरण ठरवणाऱ्यांच्या कधी लक्षातच येत नाही. कवी डोक्यात सगळं घेऊन फिरतो. चित्रकार कॅनव्हास गुंडाळून गाडीत बसू शकतो. शिल्पकाराला जमीन लागते, वजन पेलणारी जमीन. उंच छत लागतं, दगड आत आणायला रुंद दार लागतं, ओतकाम करणारा कारखाना हाकेच्या अंतरावर लागतो, आवाज आणि धूळ सहन करणारे शेजारी लागतात. आणि न विकलेलं काम वर्षानुवर्षं ठेवायला कोपरा लागतो; ते फेकून द्यायचं नसतं, कारण पुढचं शिल्प त्याच्याकडे बघत बघतच सुचतं. १९०६ मध्ये इटलीहून पॅरिसला आलेल्या चित्रकार मोदिल्यानीला खरं तर दगडच कोरायचा होता. ब्रांकुसीच्या सहवासात त्याने लांबट चेहऱ्यांची ती अप्रतिम दगडी शीर्षं घडवली. पण तब्येत आणि पैसा दोन्ही साथ देईनात. तो चित्रांकडे परतला, आणि त्याची जेमतेम पंचवीसेक दगडी शिल्पं आज जगात आहेत. जागा आणि पैसा असता तर आणखी किती झाली असती, हा प्रश्न मला सुटता सुटत नाही.

ब्रांकुसीला जागा मिळाली. १९१६ पासून मरेपर्यंत तो पॅरिसच्या एम्पास रोन्साँ नावाच्या बंद गल्लीत राहिला. कळकट, पडायला आलेल्या कार्यशाळांची रांग; भाडं कमी, सोयी त्याहून कमी. तिथे त्याने भिंती पांढऱ्या केल्या, चूल स्वतः बांधली, टेबलं आणि बाकं स्वतः तासली. शिल्पं एकमेकांच्या नात्याने मांडायची, हलवायची, पुन्हा मांडायची, उजेड बदलला की फोटो काढायचे, असं त्याचं चालायचं. एखादं शिल्प विकलं गेलं तर त्याच जागी तो त्याची प्लास्टरची प्रत ठेवायचा, म्हणजे मांडणी मोडायची नाही. १९२७ मध्ये तरुण शिल्पकार इसामू नोगुची तिथे मदतनीस म्हणून येऊन गेला. पुढे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडहून आलेला ज्याँ टँगली त्याच गल्लीत यंत्रांची शिल्पं जुळवत होता. हे सरकारी योजनेतून घडलं नव्हतं. एका मोठ्या शहराने आपल्या पोटात थोडी स्वस्त, अडगळीची जागा शिल्लक ठेवली होती, एवढंच. शेजारच्या रुग्णालयाच्या विस्तारासाठी ती गल्ली पुढे पाडली गेली. आज पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क यांतल्या कुठल्या शहरात भांडी विसळून शिल्पकाराची कार्यशाळा भाड्याने घेता येते?

आता पुराव्याकडे वळू. पुरावा समोर असला तरी दारावरच्या माणसाला तो दिसतोच असं नाही, हे ब्रांकुसीच्याच बाबतीत न्यायालयात सिद्ध झालं. ‘अवकाशातला पक्षी’ हे त्याचं काशाचं शिल्प. पंख नाहीत, चोच नाही, डोळा नाही. बारीक पायावर उभा एक लांबट आकार, मधे किंचित फुगलेला, वर तिरक्या छेदात संपणारा. कारखान्यातून ओतून आलेलं काशाचं अंग खडबडीत असतं. ब्रांकुसी ते कानशीने घासायचा, मग बारीक घासकागदाने, मग आणखी बारीक, असं करत करत धातूचा आरसा होईपर्यंत. पृष्ठभाग इतका चकाकतो की कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते ते डोळ्याला कळेनासं होतं. उडण्याचा भास त्यातून येतो. हातांनी केलेल्या या घासकामामुळे एकाच कल्पनेचा प्रत्येक पक्षी वेगळा झाला आहे.

१९२६ मध्ये हा पक्षी इतर शिल्पांबरोबर न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. सोबत त्याचा मित्र, कलावंत मार्सेल द्युशाँ होता. कलाकृतीवर अमेरिकेत जकात नव्हती. जकात अधिकाऱ्यांनी पेटी उघडली, आत पाहिलं आणि ही कला नव्हेच असं ठरवलं. स्वयंपाकाची भांडी आणि रुग्णालयातलं सामान ज्या वर्गात येतं त्या वर्गात शिल्प टाकलं आणि ४० टक्के जकात लावली. त्याला कायद्याचा आधारही होता: १९१६ च्या एका निवाड्यानुसार शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची प्रतिकृती, आणि यात तर पक्षी कुठे दिसतच नव्हता.

शिल्पाचा मालक, छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन, याच्या बाजूने न्यायालयात साक्षीदार उभे राहिले. खटल्याचा खर्च उचलण्यात गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी पुढे होत्या, त्या स्वतः शिल्पकार. जंगलात ही वस्तू दिसली असती तर पक्षी समजून बंदूक रोखली असती का, असंही स्टायकनला विचारलं गेलं. साक्षीदारांत जेकब एपस्टाइन होता: न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित कुटुंबात जन्मलेला आणि पुढे लंडनला जाऊन ब्रिटिश झालेला शिल्पकार. त्याने हजारो वर्षांपूर्वीचा इजिप्तचा दगडी ससाणा न्यायालयात आणून दाखवला: यालाही पिसं नाहीत, पण हा पक्षी आहे यावर कोणाचा वाद नाही. सरकारच्या बाजूने साक्ष देणारे रॉबर्ट एटकिन आणि थॉमस जोन्स हेही शिल्पकारच होते, अनुभवी आणि मान्यताप्राप्त. त्यांनी ही कलाकृती नाही असं सांगितलं. २६ नोव्हेंबर १९२८ ला निकाल ब्रांकुसीच्या बाजूने लागला. निसर्गाची नक्कल करण्यापेक्षा अमूर्त कल्पना मांडणारा एक नवा संप्रदाय कलेत उभा राहतो आहे, आपल्याला तो पटो न पटो, त्याचं अस्तित्व मान्य करावं लागेल, अशी न्यायमूर्तींची भूमिका होती. लोकशाहीतल्या न्यायालयाने घेतलेली इतकी समंजस भूमिका मला फार थोड्या ठिकाणी दिसते.

या खटल्यातून कलेची व्याख्या रुंदावली असं नेहमी सांगितलं जातं. ते खरंच आहे. मला मात्र त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पूर्ण झालेलं शिल्प टेबलावर उभं आहे, घडवणाऱ्याची पन्नाशी उलटली आहे, दोन खंडांत त्याचं नाव आहे, आणि तरीही जाणकार शिल्पकारांचं एकमत होत नाही. मग अजून न घडलेल्या शिल्पाची किंमत, अजून कोणालाही माहीत नसलेल्या तरुणाची कुवत, व्हिसाच्या खिडकीमागचा अधिकारी अर्जावरून कशी ठरवणार? तो ठरवूच शकत नाही. म्हणून तो दुसऱ्यांनी आधी दिलेले शिक्के मोजतो. शिक्के मिळतात ते श्रीमंत देशांतल्या, मोठ्या शहरांतल्या, ओळखी असलेल्या माणसांना. होबित्सातल्या माणसाकडे ते नसतात.

जन्मदेशाचं वागणंही तपासलं पाहिजे, कारण हक्क सांगण्यात तेच पुढे असतात. रुमानियाने ब्रांकुसीला काही दिलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. क्रायोवाच्या एका चर्चच्या विश्वस्तांनी त्याच्या शिक्षणाला पैसे दिले. लाकूड तासायचा, जोडायचा, त्याचा धर्म ओळखायचा हात त्याला तिथेच मिळाला, आणि तो हात पॅरिसच्या सगळ्या वर्षांत त्याच्या कामात दिसत राहतो. पहिल्या महायुद्धात जिऊ नदीकाठी लढून मेलेल्या सैनिकांसाठी गोर्ज जिल्ह्यातल्या महिला संघटनेने त्याला स्मारक सांगितलं, तेव्हा त्याने मोबदला घेतला नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये तिर्गु जिऊ गावात ते उभं राहिलं: ‘मौनाचं टेबल’ आणि त्याभोवती १२ दगडी बैठका, ‘चुंबनाचं द्वार’, आणि जवळपास ३० मीटर उंचीचा ‘अनंत स्तंभ’, ओतीव लोखंडाचे एकावर एक बसवलेले मणी. या स्तंभाचं मोठं लाकडी रूप त्याने १९२० मध्ये फ्रान्समध्ये स्टायकनच्या बागेत कोरलं होतं. लाकडापासून लोखंडापर्यंत यायला १८ वर्षं गेली.

पुढे काय झालं? साम्यवादी राजवट आली आणि १९५१ मध्ये रुमानियन अकादमीच्या बैठकीत त्याच्या कलेला परकी, आडवळणाची ठरवून झिडकारलं गेलं. त्याच दशकात स्थानिक अधिकाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून अनंत स्तंभ पाडायचा प्रयत्न केला. स्तंभ हलला नाही. १९५२ मध्ये, ७६ व्या वर्षी, ब्रांकुसी फ्रान्सचा नागरिक झाला. १९५६ च्या मृत्युपत्रात त्याने कार्यशाळा आणि आतलं सारं काम फ्रेंच सरकारला दिलं, ती होती तशी जपण्याच्या अटीवर. १३७ शिल्पं, त्यांच्याखालचे ८७ चौथरे आणि हत्यारांसकट ती पुढे पॅरिसच्या पाँपिदू कला केंद्रासमोर वास्तुकार रेंझो पियानोने बांधलेल्या इमारतीत उभारली गेली. साठ वर्षांनी, २०१६ मध्ये, रुमानियाच्या सरकारने त्याचं १९०७ चं ‘भूमीचं शहाणपण’ हे शिल्प खासगी मालकांकडून विकत घ्यायचं ठरवलं. किंमत १ कोटी १० लाख युरो. ५० लाख सरकार देणार, ६० लाख लोकवर्गणीतून. वर्गणी १२ लाखांच्या आसपास थांबली आणि बेत बारगळला. २०२४ मध्ये तिर्गु जिऊचं स्मारक युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. मला आनंदच आहे. पण वारसा म्हणून मिरवताना ट्रॅक्टरचाही उल्लेख त्याच फलकावर असायला हवा.

फ्रान्सलाही फार टिळा लावायचं कारण नाही. १९२० मध्ये त्याचं ‘प्रिन्सेस एक्स’ हे शिल्प अश्लील ठरवून प्रदर्शनातून काढायला लावलं ते पॅरिसमध्येच, आणि त्याच्या चाहत्यांत सुरुवातीपासून अमेरिकन जास्त होते. फ्रान्सचं श्रेय एवढंच की त्याने त्याला पन्नासहून अधिक वर्षं राहू दिलं. माझ्या मते ते सगळ्यांत मोठं श्रेय आहे.

मराठी वाचकाला यातला एक धागा जवळचा वाटेल. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी ब्रांकुसीचे तीन पक्षी घेतले: एक काशाचा, एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या. त्या पक्ष्यांसाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधायची कल्पना होती. त्यासाठी ब्रांकुसी १९३७ च्या अखेरीस इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. काळा आणि पांढरा पक्षी आज कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत आणि काशाचा कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला. एका तरुण राजाची नजर होती, पैसा होता, शिल्पकार दारात आला होता. तरीही काही उरलं नाही, कारण सगळं एका माणसाच्या हौसेवर उभं होतं. संस्थेचं काम हौसेने भागत नाही.

ब्रांकुसी अपवाद आहे, अपवादावरून धोरण ठरत नाही, असं कोणी म्हणेल. मग इतरांकडे पाहू. लुईझ बुर्ज्वा १९३८ मध्ये पॅरिसहून न्यूयॉर्कला गेली. तिथे घराच्या गच्चीवर तिने उंच, काठीसारखी लाकडी माणसं कोरली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिचं सिंहावलोकन मांडलं ते १९८२ मध्ये, तिच्या सत्तरीत. लुईझ नेव्हेलसन लहानपणी युक्रेनमधून अमेरिकेत मेन राज्यात आली. रस्त्यावर टाकून दिलेल्या लाकडांच्या तिच्या काळ्या भिंतींना खरी ओळख मिळाली तेव्हा तिचं वय साठीला टेकलं होतं. लिथुआनियातून पॅरिसला आलेला जॅक लिपशिट्झ नाझींपासून जीव वाचवत १९४१ मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि पन्नाशीत पुन्हा शून्यापासून लागला. वॉशिंग्टन शहरातल्या लिंकन स्मारकातला बसलेला लिंकन शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंचच्या नावावर आहे, पण २८ ठोकळ्यांतून तो संगमरवर कोरला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पिचिरिली बंधूंनी. ते इटलीतून आलेले कारागीर. अमेरिकेच्या राष्ट्रीय मनातला तो चेहरा स्थलांतरितांच्या छिन्नीखालून आला आहे, आणि त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? यांपैकी कोणाचीही गुणवत्ता सीमेवर मोजता आली नसती.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मी हलका मानत नाही. ‘मी कलावंत आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला आत घ्यायचं का? देशांना सीमा आहेत, घरं आणि नोकऱ्या मोजक्या आहेत, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्या गरीब कलावंतांचाही प्रश्न आहेच. माझं म्हणणं असं की कलावंतासाठी प्रतिभेची वेगळी उंच खिडकी ठेवूच नये. विद्यार्थी म्हणून किंवा साधा कामगार म्हणून येण्याची जी वाट असेल, त्याच वाटेने त्याला येऊ द्यावं. पण त्या वाटेवर दोन गोष्टी बदलाव्यात. त्याचा परवाना एका मालकाशी बांधू नये, आणि दिवसा पोटासाठी काम करून रात्री स्वतःचं काम करायला त्याला कायद्याने आडकाठी नसावी. आज कित्येक देशांत विद्यार्थी ठरावीक तासांपलीकडे कमावू शकत नाही, आणि कलावंताच्या परवान्यावर आलेल्याला भांडी विसळायला मनाई असू शकते. त्यातले बहुतेक ब्रांकुसी होणार नाहीत. न होऊ देत. ते घरभाडं देतील, कर भरतील, कोणाच्या तरी अंगणात एखादं बरं शिल्प उभं करतील. कोण होणार हे आधी कळत नाही, एवढ्याचसाठी सगळ्यांना थोडी जागा द्यायची.

जागा म्हणजे शब्दशः जागा. स्थलांतरित कलावंताच्या मरणोत्तर शिल्पासाठी सरकारं कोटींच्या गोष्टी करतात. त्या रकमेत नगरपालिकेच्या मालकीच्या, तळमजल्यावरच्या, रुंद दाराच्या किती कार्यशाळा दहा-दहा वर्षांच्या भाडेकरारावर देता येतील, याचा हिशेब एकदा तरी मांडला जावा. बंद पडलेल्या गोदी, रिकामे कारखाने, रेल्वेच्या जुन्या शेड बहुतेक शहरांत आहेत. त्यांतला काही भाग बांधकाम व्यावसायिकांकडे जाण्याआधी बाजूला काढून ठेवता येतो. भाडेकरू निवडताना नामवंतांच्या शिफारशी मागू नयेत. चालू काम पाहावं, नाहीतर सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात. चिठ्ठी निदान होबित्साहून आलेल्या मुलाला आणि मोठ्या शहरातल्या ओळखीच्या मुलाला सारखी संधी देते. १९ फेब्रुवारी, ब्रांकुसीचा जन्मदिवस, रुमानियात कायद्याने ‘ब्रांकुसी दिन’ आहे, आणि २०२६ मध्ये त्याच्या जन्माला १५० वर्षं होतात. बुखारेस्टने आणि पॅरिसने त्या निमित्ताने पुतळे आणि भाषणं बाजूला ठेवून प्रत्येकी अशी एक गल्ली उघडावी, आणि तिच्यात राहायला येणाऱ्याला पासपोर्ट कुठला एवढंही विचारू नये.